जबाबदारी रहिवाशांची, पण कागद कुणाकडे?

"सोसायटी झाली की कॉमन सेप्टिक टँकची जबाबदारी आपोआप रहिवाशांची" हे तुमच्या सेप्टिक टँकवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. आपोआप काही होत नाही हो. आमची पुण्याबाहेर रो हाऊसची स्कीम आहे, सगळ्यांची मिळून एकच टाकी, आणि ती ज्या मोकळ्या जागेत आहे तिचा सातबारा अजून बिल्डरच्याच नावावर, कन्व्हेयन्स (म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही, मंजूर नकाशा मागितला की बिल्डरसाहेब साइटवर असतात. ग्रामपंचायत म्हणते खासगी लेआउट आहे, आमचा संबंध नाही (घरपट्टीची पावती मात्र बरोबर येते). पावसाळ्यात टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा भरला की पाणी उलटं फिरून शेवटच्या घराच्या बाथरूमच्या जाळीतून वर येतं, आणि चढावरची घरं म्हणतात आम्हाला कुठं त्रास आहे, वर्गणी कशाला द्यायची!

अजून एक, लेखात टाकीतला मैला उपसण्याबद्दल अक्षरही नाही. स्वस्तात होईल म्हणून आमच्यातलेच काही टाकीत माणूस उतरवायला निघाले होते, त्यांना माणसाकडून मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा २०१३चा कायदा दाखवावा लागला, की बाबांनो माणूस गेला तर बोलावणारा पण अडकतो, तेव्हा कुठे मैला टँकर आला. वाई आणि सिन्नरला नगरपरिषद पाळी लावून साधारण दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसते, कुणाच्या मागे लागावं लागत नाही. शहराला चिकटलेल्या गावांत हे का नाही होत, त्यावर लिहा की.