बुडत्या विमान कंपनीची खुर्ची स्वीकारताना

अमेरिकेतील एखाद्या दिवाळखोर विमान कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदी आपली निवड झाली असेल, तर सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. कंपनी बुडाली तर दोष इंधनाचा, युद्धाचा किंवा युनियनचा आणि तरली तर श्रेय आपले, अशी नोकरी भाग्यवंतालाच लाभते. विमानांतले आपल्याला काही कळत नसेल, तरी संकोच बाळगू नये. युनायटेड एअरलाइन्सने सप्टेंबर २००२ मध्ये ज्या ग्लेन टिल्टन यांना पाचारण केले, त्यांची उभी कारकीर्द तेल कंपन्यांत गेली होती. विमान कंपनीचा इंधनाचा खर्च पाहता, आजवर बिले भरणाऱ्यांनी काही जमवले नाही, तेव्हा आता बिले लावणाऱ्यांपैकी एकाला बसवून पाहावे, असाही विचार त्यामागे असू शकेल. डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, म्हणजे बंद न पडता न्यायालयाच्या आडोशाने देणी आवरण्याची सोय करून घेतली.

पदभार घेताच पहिले पथ्य पाळावे ते खरे न बोलण्याचे. टिल्टन यांच्या आधीच्या आधी त्याच खुर्चीत जेम्स गुडविन होते. ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कळवले, की तोटा असाच होत राहिला तर पुढच्या वर्षी ही कंपनी उरणार नाही. पत्रातला हिशेब फारसा चुकीचा नव्हता, पण १९९४ मध्ये पगारकपातीच्या बदल्यात कर्मचाऱ्यांकडे कंपनीची ५५ टक्के मालकी आली होती आणि युनियनचे प्रतिनिधी संचालक मंडळावर बसत होते, त्यामुळे दोन आठवड्यांच्या आत गुडविनच उरले नाहीत. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत त्या एका खुर्चीने तीन माणसे पाहिली. आणि त्या ५५ टक्क्यांचे काय झाले, असे कोणी विचारलेच, तर सांगावे की मालक म्हटला की जोखीम आलीच. जुने शेअर दिवाळखोरीत मातीमोल झाले. पगार आधीच कापून झालेला होता.

दुसरे पथ्य सभेचे. ती हँगरमध्येच घ्यावी, कोट काढून, बाह्या दुमडून, आणि शक्यतो अर्धवट उघडलेल्या इंजिनासमोर उभे राहून. भाषणात ‘आपण सारे एकाच नावेत’ आणि ‘समान त्याग’ हे शब्दप्रयोग निदान तीनदा यावेत. मागच्या रांगेत नखांत काळे वंगण साचलेला, हातातला कळकट फडका अजून खाली न ठेवलेला एक मेकॅनिक असतो. तो हात वर न करताच विचारतो, ‘तुमचे किती कापले?’ यावर ‘फार चांगला प्रश्न विचारलात’ असे म्हणावे आणि घड्याळाकडे पाहावे.

त्याग समान असला, तरी तो जाहीर करण्याची वेळ समान असून चालत नाही. या बाबतीत अमेरिकन एअरलाइन्सचा एप्रिल २००३ चा धडा प्रत्येक होतकरू अधिकाऱ्याने पाठ करावा. दिवाळखोरी टाळायची म्हणून कंपनीच्या तीन युनियननी वर्षाला सुमारे १.६२ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. ज्यांना स्वतःचाच पगार कमी करून घेण्यासाठी मत द्यायचे होते, त्यांनी ते दिले. मतदान उरकल्यावर मग कंपनीचा वार्षिक अहवाल दाखल झाला आणि त्यात दोन गोष्टी निघाल्या. वरिष्ठांनी जानेवारी २००५ पर्यंत नोकरीत टिकून राहिल्यास त्यांना मूळ पगाराच्या दुप्पट बोनस मिळणार होता, आणि कंपनी उद्या बुडालीच तर ४५ अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागू नये म्हणून सुमारे ४.१ कोटी डॉलर वेगळ्या विश्वस्त निधीत नेऊन ठेवलेले होते. गहजब झाला, बोनस मागे घेतले गेले, आणि महिना संपायच्या आत मुख्य कार्यकारी अधिकारी डोनाल्ड कार्टी यांना राजीनामा द्यावा लागला. कार्टींचे चुकले कोठे, याविषयी आजही मतभेद संभवतात. निधी उभारला हे चुकले असे मानणारे काही भाबडे लोक आहेत, परंतु आपण अहवालाच्या तारखेकडे लक्ष द्यावे.

युनियन अगदीच ऐकेना, तर न्यायालय आहे. पूर्वी हे काम रांगडे होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचे प्रमुख फ्रँक लोरेंझो यांनी कंपनीला दिवाळखोरीत नेले, युनियनचे करार फेकून दिले, हजारो लोकांना घरी बसवले आणि त्यातल्याच काहींना सुमारे निम्म्या पगारावर परत बोलावून अवघ्या काही दिवसांत विमाने उडवली. असा धसमुसळेपणा सभ्य समाजात शोभत नाही म्हणून १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात कलम १११३ घातले. आता आधी प्रस्ताव द्यावा लागतो, माहिती पुरवावी लागते, सद्भावनेने वाटाघाटी कराव्या लागतात, आणि त्यानंतरच न्यायाधीशांच्या परवानगीने करार फेकून देता येतो. कायद्याचे राज्य म्हणतात ते हेच. कर्मचाऱ्यांचा करार हा परिस्थितीनुसार बदलणारा कागद असून आपला करार मात्र करारच असतो, हा फरक युनियनच्या लोकांना समजावून सांगण्यात वेळ घालवू नये.

निवृत्तिवेतनाचे पाहा. २००५ मध्ये युनायटेडने आपल्या निवृत्तिवेतन योजना सरकारी हमी मंडळाच्या गळ्यात घातल्या, तेव्हा तूट ९.८ अब्ज डॉलरची होती. मंडळाने त्यातली सुमारे ६.६ अब्जांची जबाबदारी उचलली आणि उरलेली रक्कम ज्यांची होती, त्यांना मिळणार नव्हती. यात वैमानिकांची गंमत अशी, की सरकारच्याच एका नियमाने त्यांना तेव्हा साठाव्या वर्षी विमान सोडावेच लागे आणि ६५ वर्षांच्या आधी निवृत्त होणाऱ्याला हमीची मर्यादा कमी, हाही सरकारचाच दुसरा नियम होता. टिल्टन यांचे सुमारे ४५ लाख डॉलर मात्र स्वतंत्र निधीत सुरक्षित होते, कारण ते जुनी नोकरी सोडून आल्याबद्दलच्या भरपाईचे, म्हणजेच कराराचे होते.

बोनसच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी लागेल. वरिष्ठांनी सोडून जाऊ नये म्हणून द्यायच्या बोनसवर २००५ च्या कायद्याने कडक बंधने आणली आहेत. ज्यांच्या हातून कंपनी या थराला आली त्यांनाच टिकवून ठेवण्यासाठी पैसे का मोजावेत, असा अत्यंत संकुचित विचार त्यामागे होता. तेव्हापासून हुशार वकील त्या रकमेला टिकण्याचा बोनस म्हणत नाहीत, तर उद्दिष्टपूर्तीचे प्रोत्साहन म्हणतात. उद्दिष्टे आपल्या आवाक्याबाहेरची नसावीत, एवढे पाहावे.

संप झाला तर काय, ही भीती स्वाभाविक आहे. लोरेंझोंच्याच ताब्यातल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या मेकॅनिकांनी ४ मार्च १९८९ रोजी संप पुकारला, वैमानिकही सुरुवातीला त्यांच्या बाजूने उभे राहिले, पाच दिवसांत कंपनी दिवाळखोरीत गेली, वर्षभराने न्यायालयाने ती लोरेंझोंच्या हातून काढून विश्वस्ताकडे सोपवली आणि १८ जानेवारी १९९१ रोजी ती बंदच पडली. परंतु संपाहून अधिक धोकादायक गोष्ट म्हणजे सगळे नियमाप्रमाणे वागू लागणे. २००० च्या उन्हाळ्यात युनायटेडच्या वैमानिकांनी जादा पाळ्या घ्यायचे थांबवले, तेवढ्याने हजारो उड्डाणे रद्द झाली. नियमाबाहेरच्या उपकारांवर आपले वेळापत्रक चालते, हे प्रवाशांना कळू न देण्याची जबाबदारी आपली. दोष हवामानाला द्यावा.

कपात करताना मायेचा ओलावाही असावा. २००६ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने नोकरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती एक पुस्तिका दिली आणि तीत पैसे वाचवण्याचे १०१ मार्ग सांगितले. त्यातला एक असा, की कचऱ्यात एखादी वस्तू आवडली, तर ती उचलून घ्यायला लाजू नये. कंपनीला माफी मागावी लागली, हे खरे. पण सल्ला व्यवहार्य होता, हे कोणी लक्षातच घेतले नाही.

राहता राहिला निरोप. या क्षेत्रात काही वाईट उदाहरणेही आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच दिवशी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी जेरार्ड आर्पी पायउतार झाले आणि जाताना दमडीही मागितली नाही. डेल्टा एअरलाइन्सचे प्रमुख जेराल्ड ग्रिन्स्टीन यांनी तर २००७ मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर काढूनही बक्षिसीला नकार दिला. अशी माणसे पुढच्यांची पंचाईत करून ठेवतात. आर्पींच्या जागी आलेल्या टॉम हॉर्टन यांच्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलरची निरोपाची रक्कम ठरली, तर तिला मान्यता द्यायला न्यायाधीशांनी नकार दिला. तेव्हा आपली रक्कम येतानाच ठरवून घ्यावी. जाण्याच्या दिवशी टेबलाचे खण रिकामे करावेत, आणि हँगरमधल्या त्या भाषणाची प्रत, बाह्या कोठे दुमडायच्या याच्या समासातल्या खुणांसह, टोपलीत टाकून निघावे. आपल्या जागी येणाऱ्याला ती आवडली, तर उचलून घ्यायला त्याने लाजू नये.