खालच्या घराला स्वतःचं नेट घेऊ द्या

लातुरात खोल्या भाड्याने जायचे दिवस आलेत. बाहेरगावचे आईबाप पोरांना घेऊन गल्ल्या पालथ्या घालायलेत आणि घरोघरी तेच ऐकू येतंय: पाणी आहे, लाइटला सब-मीटर आहे, वायफाय आमचंच वापरा. शेवटचं वाक्य दोन वर्षांपूर्वी मीही म्हटलं होतं, अगदी चांगल्या मनानं. आज माझं मत पक्कं झालंय की खालच्या घराचं नेट खालच्यांच्याच नावावर असावं, आणि त्यासाठी वायर आत घ्यायला घरमालकानं आनंदानं वाट करून द्यावी. हे मत कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण यंदा बऱ्याच जणांना हा निर्णय घ्यायचाय.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथं अहमदपूर तालुक्यातल्या काकू मुलीच्या मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी येऊन राहिल्यात. काका गावाकडे शेती बघतात, शनिवारी येतात. मी घरूनच मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे जीएसटीचे रिटर्न भरते. महिन्याची ११ आणि २० या रिटर्नच्या शेवटच्या तारखा माझ्यासाठी काय असतात ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. आमच्याकडे १०० एमबीपीएसचं (हे नेटच्या वेगाचं माप) फायबर होतं. प्लॅन ५९९चा, १८ टक्के जीएसटी धरून हातातून जातात ७०७. काकूंनी निम्मे देऊ केले, आम्ही पासवर्ड दिला.

आठवड्यात काकू जिना चढून वर आल्या. "ताई, खाली नेट चालंना गेलंय. पोरीचं लेक्चर निम्म्यातच अडकायलंय."

मी पहिली चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. कंपनीला फोन लावून प्लॅन २०० एमबीपीएसचा केला. काहीही फरक पडला नाही. मग एका रविवारी मोबाइलवर नेटचा वेग मोजत घरभर फिरले. वर राऊटरशेजारी ९४. खाली जिन्याजवळ ११. आतल्या खोलीत, जिथं ती पोरगी भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसते, तिथं २ च्या आसपास. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे कागदावर तिच्या टेबलावर ब्रॉडबँड होतं, पण फळ्यावरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

कारण आमच्या पायाखालीच होतं. हे घर सासऱ्यांनी भूकंपानंतर बांधलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली त्या माणसांनी नंतर घरं बांधताना सळईत काटकसर केली नाही. आमच्या स्लॅबमध्ये लोखंड भरपूर आहे, आणि त्याबद्दल मी सासऱ्यांची कायम ऋणी राहीन. पण वायफायच्या लहरी काँक्रीट आणि सळयांच्या जाळीतून खाली उतरताना थकून जातात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या जास्त, २.४ च्या थोड्या कमी. (राऊटरच्या नावापुढं ५जी दिसलं की लोक त्याला मोबाइलचं फाइव्ह-जी समजतात. तो फक्त वायफायचा दुसरा पट्टा आहे. जवळ वेगवान असतो, भिंतीपलीकडं लंगडा पडतो.) खालच्या बोळीत पाण्याचे निळे ड्रम ओळीनं ठेवलेले. लातूरकराच्या घरात ते असणारच, आणि पाणीसुद्धा या लहरी शोषून घेतं. दिवसा काकूंना मिळायचं त्याहून रात्री कमी मिळायचं, कारण आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राऊटर २.४ वर एकाच वेळी बोलत असतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११.

आणि वरचा आकडा २०० च्या प्लॅननंतरही ९४ वरच का अडकला? कंपनीच्या डब्यातून आमच्या राऊटरला जी वायर येत होती, ती ज्यात लागायची ते राऊटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच होतं. त्यातून १०० च्या वर काही येणारच नव्हतं. दोन महिने मी जास्तीचे पैसे भरले ते असे वाया गेले. प्लॅन वाढवण्याआधी राऊटरच्या पाठीमागं गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचं) पोर्ट आहे का ते बघा, एवढी कळकळीची विनंती.

खरं तर दोन घरांना मिळून १०० पुरतात. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. वर टीव्ही, खाली लेक्चर, माझं पोर्टल, मुलाचा गेम, सगळं एकदम चाललं तरी निम्मंही संपत नाही. आमची अडचण आकड्याची नव्हतीच. ती त्या पाच इंचांच्या स्लॅबची होती, आणि त्यावर उपाय एकच, वायर. डिश टीव्हीच्या जुन्या पाइपातून कॅट सिक्सची वीस मीटर वायर खाली सोडली. (ही वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते, घरात काळजीच नाही.) खाली कपाटात पडलेला जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट तिथं वायफायनं पसरवायला, लावला. आतल्या खोलीत आकडा २ वरून ८० च्या पुढे गेला. पोरगी हसली, मला बरं वाटलं.

खाली दीर-जाऊ राहत असते, तर मी इथंच थांबले असते. एका कुटुंबाला एक लाइन आणि मधून एक वायर यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ काही नाही.

पण काकू भाडेकरू आहेत, आणि पुढचं सगळं त्यातून आलं.

पहिली गोष्ट विजेची. वर आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की वरचा राऊटर चालू, खालचा बंद. मला वर काहीच जाणवायचं नाही, आणि खाली ती पोरगी अंधारात बसून विचार करायची की ताईंनी बंद केलं की काय. विचारायला संकोच. हे मला तीन महिन्यांनी कळलं. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणून प्रश्न सुटला, पण तीन महिने गेले ते गेले.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आम्ही अंबाजोगाईला लग्नाला गेलो होतो. रिचार्जची तारीख उलटली, मी हळदीच्या गडबडीत, फोन पर्समध्ये. रविवारी सकाळी खाली त्या मुलीची ऑनलाइन सराव परीक्षा. नेट बंद. काकूंना कंपनीला फोन करता येईना, कारण ग्राहक क्रमांक माझा, नोंदवलेला मोबाइल माझा, ओटीपी माझ्या पर्समध्ये. पोरीनं आईच्या मोबाइलवरच्या दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर निम्मा पेपर दिला. मी आल्यावर काकू तक्रारीचा एक शब्दही बोलल्या नाहीत. "असू द्या ताई, तुमच्या घरी कार्य होतं." तेव्हा मला कळलं की निम्मे पैसे देणाऱ्या बाईला स्वतःच्या नेटसाठी साधी तक्रारही करता येत नाही, आणि ही व्यवस्था मीच लावून दिलीय.

तिसरी गोष्ट लोक कुजबुजत बोलतात, मी स्पष्ट लिहिते. कनेक्शन माझ्या आधारवर आहे. त्या लाइनवरून कोणी काहीही केलं तरी कंपनीच्या नोंदीत माझं नाव आणि माझा पत्ता निघतो. काकूंवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण एका राऊटरवर दहा-बारा पोरं बसवणाऱ्या खोलीमालकांनी हा विचार केलाय का? शिवाय आपल्या देशात नेट विकायला परवाना लागतो. भाडेकरूंकडून दरमहा वायफायचे पैसे घेण्याआधी कनेक्शनच्या अर्जावरच्या अटी एकदा वाचा.

मग आम्ही दोघी बसलो आणि काकूंसाठी नेट शोधलं. यात मी जे शिकले ते जाहिरातीत नसतं. आमच्या गल्लीत तीन जणांचं फायबर आहे आणि तिन्ही वायरी एकाच बाजूच्या खांबांवरून येतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या भरून निघाल्या की वर रचलेला ऊस त्या वायरींना अडकतो. एक तुटली की तिन्ही तुटतात. वरच्या घराला एक आणि खालच्या घराला दुसरी कंपनी घेऊनही दोन्ही डब्यांवर लाल दिवा एकाच वेळी लागणार असेल, तर उपयोग काय?

दुसरं, केबलवाल्याला विचारायचा प्रश्न: गल्लीतल्या डब्यात नुसता स्प्लिटर आहे की स्विच? स्प्लिटरला वीज लागत नाही, तो काचेच्या धाग्यातला प्रकाश घराघरांत वाटतो. एका लाइनवर अशी ३२ किंवा ६४ घरंसुद्धा असतात. स्विच म्हणजे नेट वाटणारं यंत्र, त्याला वीज हवी, आणि गल्लीची लाइट गेली की तुमचा इन्व्हर्टर असून नेट जातं. आमच्याकडे एकाचा स्विच निघाला. त्याचा दर सगळ्यात कमी होता, तरी आम्ही नको म्हटलं.

तिसरं, कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि शेजाऱ्यांना विचारा की लाल दिवा लागल्यावर जॉइंट मारायला माणूस किती वेळात येतो. सकाळी तक्रार केली की दुपारी शिडी घेऊन हजर होणारा मुलगा ज्याच्याकडे आहे, तो शंभर रुपये महाग असला तरी घ्या.

शेवटी काकूंनी फायबर न घेता एअरफायबर घेतलं. यात नेट मोबाइल टॉवरवरून हवेतून येतं: गच्चीवर टॉवरच्या दिशेनं पेटी बसते आणि तिथून वायर खाली घरात. उसाच्या ट्रॉलीशी त्याचा संबंध नाही. यात काही प्लॅनना महिन्याला १००० जीबीचीच मर्यादा असते, फायबरवर बहुधा ३३०० असते. आम्ही हिशेब मांडला: लेक्चरला तासाला दीड जीबी धरलं आणि दिवसाला सहा तास, तरी महिन्याला २७० जीबी. भरपूर झालं. वर्षाचा प्लॅन घेतला तर बसवायचा खर्च माफ होत होता. तरी मी काकूंना महिन्याचाच घ्यायला लावला. मे महिन्यात परीक्षा झाली की त्या गावी जाणार, उरलेल्या महिन्यांचे पैसे कोणाच्या कामाचे?

मधली वायर आम्ही काढली नाही. आमचं फायबर तुटलं तर मी खालून घेते, त्यांचा टॉवर बसला तर त्या वरून घेतात. दोघींकडे एकमेकींच्या गेस्ट नेटवर्कचा (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायचा) पासवर्ड आहे, पैशाचा व्यवहार नाही. गेल्या २० तारखेला, संध्याकाळी सात वाजता, माझ्या डब्यावर लाल दिवा लागला. चार दुकानांचे रिटर्न बाकी होते. ते मी काकूंच्या नेटवर भरले, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून.

घरमालकांनो, भाडेकरू म्हणाला की स्वतःचं कनेक्शन घ्यायचंय, तर "भिंतीला भोक पाडू नका" म्हणू नका. आम्ही स्वतः पाडून दिलं, गच्चीकडून जिन्याच्या भिंतीत, बोटाएवढं. ड्रिल बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं धरायला सांगा, आणि वायर आत जाण्याआधी बाहेर तिला खाली एक झोल ठेवा. नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून चालत थेट आतल्या भिंतीत येतं. उरलेली फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवली की झालं.