‘कॉन्व्हेंट म्हणजे बेवारशी मुलांची शाळा’ हे साफ खोटं आहे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: इंग्लंडात लग्नाशिवाय जन्मलेली मुलं टाकून देत, त्यांच्यासाठी काढलेली शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, आईबाप नसल्यामुळे तिथे फादर, मदर, ब्रदर, सिस्टर म्हणायची पद्धत पडली, आपल्याकडे अशी पहिली शाळा १८४२ मध्ये कलकत्त्यात निघाली. मुंबईत आजी, आई, लेक अशा तीन पिढ्या या शाळांत शिकलेली घरं आहेत. त्यांच्याबद्दल असलं काही मुकाट्याने पुढे पाठवू नये.

आधी शब्द पाहू. लॅटिन ‘कॉन्व्हेंतुस’ म्हणजे एकत्र जमणं. त्यावरून व्रतस्थ जिथे एकत्र राहतात त्या मठाला कॉन्व्हेंट म्हणू लागले. वसईच्या किल्ल्यात जाऊन बघा, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन साधूंच्या मठांचे अवशेष अजून उभे आहेत. पोर्तुगीज त्यांना ‘कोन्व्हेन्तु’च म्हणत, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ते मठ जुने झाले होते. राहणारे सगळे पुरुष. पुढे इंग्रजीत हा शब्द मुख्यतः सिस्टरांच्या मठाला चिकटला आणि मठाला लागून असलेली शाळा कॉन्व्हेंट शाळा झाली.

कलकत्त्याचं साल बरोबर आहे. १८४२ मध्ये आयर्लंडच्या लोरेटो सिस्टरांनी लोरेटो हाउस काढलं. अर्थ मात्र मेसेजवाल्यांनी पदरचा घातला.

अनाथालयं होती, ते नाकारायचं कारण नाही. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ मध्ये अनाथ मुलांसाठीच सुरू झाली. पण ती मुलं इथलीच, शाळा येशूसंघीय (जेझुइट, म्हणजे कॅथलिक व्रतस्थांच्या एका संघाच्या) फादरांची, आणि तिच्या नावात कॉन्व्हेंट नाही. माझगावची सेंट मेरीज (१८६४) आणि धोबी तलावची सेंट झेवियर्स (१८६९) याही त्यांच्याच. त्यांना कॉन्व्हेंट म्हणायची सवय आपली.

आता नात्यांचं. फादर म्हणजे गुरुदीक्षा झालेला धर्मगुरू; तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो. ब्रदर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेतो, पण मिस्सा अर्पण करू शकत नाही. येशूसंघीयांमध्ये धर्मगुरू व्हायला निघालेला तरुण मधली एक-दोन वर्षं शाळेत शिकवतो, तेव्हा मुलं त्याला ब्रदर म्हणतात. गुरुदीक्षा झाली की तोच फादर. सिस्टर व्रतस्थ, मदर मठाची प्रमुख. माहीमच्या किंवा गिरगावच्या चर्चमध्ये सत्तरीचे आजोबाही तिशीतल्या धर्मगुरूला फादरच म्हणतात. त्यांना आईबाप नव्हते म्हणून का?

मेसेजला कधी शेपूट जोडतात की तिथे सगळ्यांना ख्रिस्ती धर्म शिकवतात. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं बसतात. बाकीची त्या वेळी मॉरल सायन्सला. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे.

आणि आज खासगी ट्रस्टच्या शाळाही पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ लावतात. ओळखायचं असेल तर शाळा चालवणारी संस्था कोणती ते विचारा, आणि आवारात सिस्टरांचं राहतं घर आणि चॅपेल (छोटं प्रार्थनाघर) आहे का ते पाहा.