निकोटिनिक आम्ल आणि मिश्री : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ‘निकोटिनिक आम्लाचं नाव निकोटिनवरून पडलं, आणि तेच ब-3 जीवनसत्त्व, असं तुम्ही लागोपाठ लिहिलंत. निपाणीकडे मिश्री लावणाऱ्यांना हे आयतंच निमित्त झालं. ही व्युत्पत्तीच खोटी असणार.’

काळजी रास्त आहे, पण व्युत्पत्ती खरी आहे.

झां निको हा पोर्तुगालमधला फ्रेंच राजदूत. त्यानं 1560च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारी पाठवली. त्याच्यावरून झाडाचं नाव निकोटियाना, आणि 1828 साली पानांतून वेगळं काढलेलं द्रव्य ते निकोटिन. त्याच्या रेणूत दोन वलयं असतात : एक सहा अणूंचं, एक पाच अणूंचं. नायट्रिक आम्लानं ऑक्सिडीकरण केलं की पाचाचं वलय फुटतं, सहाचं टिकतं आणि फुटल्या जागी आम्लगट उरतो. हेच निकोटिनिक आम्ल. पदार्थ पहिल्यांदा कशापासून हाती लागला, एवढंच हे नाव सांगतं. लॅक्टिक आम्लाचं नाव आंबलेल्या दुधावरून आलं. धावताना ते आपल्या स्नायूंत तयार होतं, म्हणून काही तिथं दूध नसतं!

प्रयोगशाळेतली ही फोड शरीराला जमत नाही. यकृत बहुतेक निकोटिनचं कोटिनिन करतं (‘नि’ जागचा हलवून केलेलं नाव, बघा). त्यामुळं मिश्रीतल्या निकोटिनमधून जीवनसत्त्वाचा कणही मिळत नाही. मिळतं ते व्यसन, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका.

तुमच्यासारखीच शंका अमेरिकेत 1940च्या दशकात आली होती. पिठात हे जीवनसत्त्व मिसळायला लागल्यावर, पावात तंबाखू आहे असा लोकांचा समज होईल अशी भीती होती. म्हणून निकोटिनिक, ॲसिड आणि व्हिटॅमिन या तीन शब्दांचे तुकडे जोडून ‘नायसिन’ हे नाव घडवलं.

आपल्याकडे ते मिळवायचं तर शेंगदाणे खावेत. 100 ग्रॅममध्ये साधारण 12 मिलीग्रॅम नायसिन असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 14 ते 16 मिलीग्रॅमची. दख्खनच्या पठारावर जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांत नायसिनच्या अभावाचा पेलाग्रा हा रोग आढळलेला आहे. भाकरीबरोबर शेंगाचटणी हवी ती यासाठीही.

लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे. आता आधी ‘नायसिन’ येतं, जुनं नाव त्यानंतर, आणि निकोटिनपासून शरीर ते बनवू शकत नाही हे त्याच ओळीत.