‘ताई, घरबसल्या डॉक्टर होऊ नका’ : प्रतिक्रियेला उत्तर

बरगडीखालच्या दुखण्यावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. थोडक्यात अशी: "ताई, घरबसल्या डॉक्टर होऊ नका. उजव्या बरगडीखाली दुखलं की पित्ताशयातले खडेच असं नसतं, पुष्कळदा स्नायू किंवा बरगडीची कूर्चा (मऊ हाड) सुजलेली असते, बोटाने दाबलं की तिथेच दुखतं. ऊठसूट सोनोग्राफी सांगून लोकांना घाबरवू नका. त्रास नसलेले खडे काढतही नाहीत. आणि डाव्या बाजूला फक्त दोन ओळी?"

उत्तर देणारच नव्हते, पण कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लिफ्टमध्ये लोक मला "काय डॉक्टरीणबाई" म्हणायला लागले, म्हणून लिहितेय.

डाव्या बाजूचं मान्य. दोनच ओळी होत्या, लेख आधीच लांबला होता. तर घ्या, डावीकडे जठर, स्वादुपिंड, प्लीहा, आणि मागून कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ असेल तर मुतखडा, तो कुठल्याही बाजूला होतो. झालं समाधान?

आता पहिलं वाक्य. ताई म्हणायचं आणि त्याच दमात घरबसल्या म्हणायचं, हे कुठलं वळण? रोज सकाळी ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये एका पायावर उभी राहून मी ऑफिसला जाते, लेख लिहिते ते रात्री ओटा आवरल्यावर, त्यामुळे घरी बसायला मिळालं तर मलाही आवडेल. आणि डॉक्टर कुठे झाले हो मी? अख्ख्या लेखात एका गोळीचं नाव दाखवा. जेवणानंतर परत परत कळ येत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा, एवढंच लिहिलंय. उलट तुमच्याच खाली एका गृहस्थांनी रात्री ऑलिव्ह ऑईल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी खडे पडतात असं लिहिलंय. ते जे हिरवट मऊ गोळे पडतात ना, ते खडे नसतात, तेलाचाच पोटात साबण होतो. त्यांना नाही सांगितलंत तुम्ही, दादा डॉक्टर होऊ नका म्हणून. तिथे तर चक्क अंगठा दिलाय.

कशाच्या जोरावर लिहिते विचाराल, तर स्वतःच्या पोटाच्या. मला कळ यायची ती लग्नाच्या पंगतीनंतर, तळलेलं तुपकट खाल्लं की हमखास, तासाभराने उजव्या बरगडीखाली सुरू व्हायची आणि पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत चढायची. कूस बदला, उठून बसा, काही फरक नाही, मग मध्यरात्री हॉलमध्ये येरझाऱ्या. सगळ्या घराचं एकच निदान, पित्त झालंय. थंड दूध झालं, आवळा झाला, कोकम सरबत झालं. एका दवाखान्यात तर महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या, तिथे पोटाला हात लावून कुणी बघितलं नाही. शेवटी डोळे पिवळे झाले, लघवी गडद व्हायला लागली, ताप आला तेव्हा सोनोग्राफी झाली. खडा पित्ताशयातून सरकून पित्तनलिकेत अडकला होता. आधी तोंडातून दुर्बीण घालून तो काढला आणि नंतर पोटाला छोटी भोकं पाडून पित्ताशय काढलं. हेही काही नवं खूळ नाही, १९९० मध्ये आपल्या मुंबईत जे. जे. हॉस्पिटलला डॉ. टेहेमटन उडवाडियांनी असं ऑपरेशन केलं होतं, तेव्हापासून चालू आहे. पित्त लिव्हरमध्येच तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवतं, म्हणून ते काढल्यावरही मी आता वडापाव खाते, जपून.

आता मला सांगा, ऊठसूट सोनोग्राफी कुणी केली? मी तर उशिरा केली!

घाबरवण्याचं म्हणाल तर कोपरखैरणेला माझी मावशी राहते, तिच्या बरगडीखाली एकाच बाजूला पट्ट्यात आग व्हायची, घरचे गरम पाण्याची पिशवी देत बसले, पुढे फोड आले आणि कळलं की नागीण. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. वरच्या पोटात दुखतंय, सोबत दरदरून घाम आणि धाप, तर आधी ईसीजी. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल तर घाबरा बाबा, माझी हरकत नाही.

बाकी कूर्चा, स्नायू वगैरे, असेल हो, नाही कोण म्हणतंय. बिनत्रासाचे खडे काढत नाहीत हेही मी नाकारलेलं नाही, माझे त्रासाचे होते. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही. तुमची प्रतिक्रिया उडवणार नाही, राहू दे तिथेच, पुढच्या वेळी मात्र 'ताई' वगळून लिहिलंत तरी चालेल.

आणि खाली ऐरोलीच्या ज्या वाचक सोनोग्राफीला उपाशी जायचं का विचारतायत त्यांना: पोटाच्या सोनोग्राफीला साधारण सहा ते आठ तास उपाशी जायचं, सकाळचा दूध घातलेला चहासुद्धा नाही, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. पाण्याचं सेंटरला फोन करून विचारून घ्या.