चिखल : शून्य किलोमीटर

"पार टकले झालेत," मेकॅनिक म्हणाला. तो टायरबद्दल बोलत होता, पण नजर माझ्या डोक्याकडे होती, त्यामुळे मी उगाचच टोपी सारखी केली. मग त्यानं खाचेच्या तळाशी असलेला रबराचा बारीक उंचवटा दाखवला. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर निवृत्त. डोक्याला अशी खूण नसते हे बरंच आहे.

दुसरा कुणी असता तर "होते तसलेच चार टाका" म्हणून मोकळा झाला असता. पण माझ्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे. ती घेताना मी घरच्यांना नद्या, डोंगर, तंबू आणि चांदणं असं बरंच काही ऐकवलं होतं. गेली चार वर्षं ती रोज ऑफिसला जाते आणि संध्याकाळी परत येते. मागच्या हौद्यात एक छत्री असते. तेव्हा निदान टायर तरी नदी ओलांडायच्या लायकीचे हवेत, असं माझं म्हणणं होतं.

अभ्यासाला बसलो. वरवर पाहता प्रकरण सोपं वाटतं. एच-टी म्हणजे हायवेचे टायर : गुळगुळीत, शांत, समजूतदार. एम-टी म्हणजे चिखलाचे, ज्यांना जुनी माणसं बटण टायर म्हणतात : मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये मूठ जाईल एवढ्या फटी. मधले ए-टी, म्हणजे सगळ्या जमिनींवर थोडे थोडे चालणारे. इथं थांबलो असतो तर रविवार वाचला असता. पण ए-टी आणि एम-टीच्या मध्ये आता आर-टी नावाची आणखी एक जात निघाली आहे, आणि ए-टीमध्येही काही सौम्य, काही जहाल. रात्री दोन वाजता मी दोन टायरच्या नक्षीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून कुठल्याचे खांदे जास्त रुबाबदार, हे ठरवत होतो. खांदा म्हणजे टायरची कड. एव्हाना मी त्यांच्याच भाषेत विचार करू लागलो होतो.

माझ्या मित्राच्या गाडीला एम-टी आहेत. सल्ला विचारायला फोन केला तेव्हा तो गाडीतच होता.

"डोळे मिटून मड घे!"

"आवाज होतो म्हणतात रे."

"काय?"

"आवाज!"

"हो, हो, पावसातही चालतात!"

पिठाच्या गिरणीत उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसं ते संभाषण झालं. हा आवाज होतो तो ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटल्यानं आणि फटींत कोंडलेली हवा बाहेर फेकली गेल्यानं. सगळे ठोकळे एकाच मापाचे असले तर टायर एकाच सुरात किंचाळेल, म्हणून कंपन्या मुद्दाम लहानमोठे ठोकळे आलटूनपालटून बसवतात. एक सूर नसला की गोंगाट सुसह्य होतो. हे तत्त्व कौटुंबिक चर्चांनाही लागू पडतं का, ते पाहायला हवं.

चिखलात त्या फटींचा उपयोग असा, की चाक फिरताना त्यांच्यात अडकलेला चिखल भिरकावला जातो आणि ठोकळ्यांना पुन्हा पकड मिळते. ओल्या डांबरावर मात्र उलटी गत. तिथं भरपूर रबर जमिनीला टेकलेलं हवं, आणि त्या रबरावर पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा हव्यात. या चिरांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या माणसानं 1923 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय सरकू नये म्हणून त्यानं बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या होत्या, अशी गोष्ट सांगतात. मला माणूस आवडला. घसरून पडल्यावर आपण फरशीला शिव्या देतो, यानं चाकू घेतला.

एवढं सगळं मी जेवताना सांगत होतो तेव्हा माझी तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, आपण चिखलात कधी जातो?"

"वेळ आली तर?"

"मागच्या महिन्यात किती वेळा आली?"

तिनं वही काढली. या पोरीला आकडेमोडीचा नाद आहे आणि तो माझ्याकडून आलेला नाही. पुढचे तीस दिवस तिनं गाडीचा हिशेब ठेवला : डांबर, काँक्रीट, खडी, माती, चिखल असे पाच रकाने. महिनाअखेरीस एकूण भरलं 1,140 किलोमीटर. चिखलाखाली शून्य. मातीखाली शून्य. खडीच्या रकान्यात दोन किलोमीटरही भरले नाहीत, आणि तेही का, तर ऑफिसचं पार्किंग भरलं की मला मागच्या खडीच्या मोकळ्या जागेत गाडी लावावी लागते. तिनं ते अंतर पावलांनी मोजलं होतं. खाली लाल पेनानं रेघ मारून वही माझ्यासमोर ठेवली. ऑडिटर परवडले.

मी माघार घेतली, पण पूर्ण नाही. एम-टी सोडले आणि ए-टीवर आलो. मग मोठ्या मापाचं खूळ घेतलं. माझ्या गाडीचं माप 265/70R17. म्हणजे रुंदी 265 मिलिमीटर, बगलेची, म्हणजे रिमपासून नक्षीपर्यंतच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या 70 टक्के, आणि रिम 17 इंचाची. मधला आर त्रिज्येचा, असं मित्र ठामपणे सांगतो. खरं तर तो आर रेडियल बांधणीचा आहे, म्हणजे टायरच्या आतले धागे किरणांसारखे लावलेले, पण एम-टीवाल्याला दुरुस्त करायचं तर ओरडून करावं लागतं. मला हवे होते 285/70R17. फोटोत ते असे काही भरगच्च दिसत, की गाडी नव्हे, पैलवान उभा आहे.

"किती उंच होईल गाडी?" मुलीनं विचारलं.

"बरीच."

तिनं गणित मांडलं. जुन्या टायरचा व्यास सुमारे 803 मिलिमीटर, नव्याचा 831. फरक 28. पण गाडी उभी असते आसाच्या उंचीवर, म्हणजे निम्मा फरक. चौदा मिलिमीटर. तिनं पट्टीवर चौदा मिलिमीटर दाखवले. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा फारसे जास्त नव्हते. शिवाय चाक मोठं झालं की स्पीडोमीटर फसतो : काटा शंभरावर असताना गाडी प्रत्यक्षात साडेतीनेक किलोमीटर जास्त वेगानं धावत असते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची भीती वेगळी, आणि स्टेपनीच्या खोबणीत तो बसेल याची खात्री नाही. नाकापेक्षा मोती जड, हे मराठीत कुणीतरी टायर बघूनच म्हटलं असावं.

राहिला वजनाचा प्रश्न, आणि इथं मी सर्वांत जास्त गटांगळ्या खाल्ल्या. एक टायर किती वजन पेलेल याचा एक आकडा बगलेवर असतो, पण तो थेट किलो सांगत नाही. कोष्टकात बघावं लागतं. 115 म्हणजे 1,215 किलो, 121 म्हणजे 1,450 किलो. माझ्या गाडीला मुळात 115 चे टायर पुरतात. पण एल-टी अक्षरांचे, म्हणजे मालवाहू पिकअपसाठी केलेले जाड टायर 121 चे मिळत होते आणि विक्रेता त्यांच्यावरून असा हात फिरवत होता, की जणू मुऱ्हा म्हैस. चार टायर मिळून 5,800 किलो! आणि वाहायचं काय? मी, लॅपटॉपची पिशवी आणि छत्री. असा टायर रिकाम्या गाडीखाली लाकडासारखा कडक लागतो, वजनाला जड असतो आणि इंधन जास्त पितो. त्यात बगलेवर हवेच्या दाबाचा जो 80 पीएसआयचा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा. रोज भरायची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते, ती त्या गाडीच्या मूळ टायरसाठी, आणि एल-टी घातले की तेवढीही पुरत नाही, कोष्टक पुन्हा उघडायचं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं बगलेवरचा आकडा वाचून तेवढी हवा भरली होती. तो महिनाभर प्रत्येक वाक्य दोनदा थांबून बोलायचा.

शेवटी टायर बसवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी माझी अकरा पानी टिपणं हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती न वाचता परत दिली.

"रोज कुठं जाता?"

"ऑफिसला."

"आणि?"

"परत घरी."

त्यांनी गोदामाकडे बघून "ए-टी, मूळ माप, साधं वजन" अशी हाक मारली. माझा दीड महिन्याचा अभ्यास साडेतीन सेकंदांत आटोपला. मी घाईघाईनं, निदान अपमान तरी वसूल व्हावा म्हणून, बगलेवरचा शेवटचा चार आकडी कोड तपासला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माल ताजा होता. पाचही घ्यायचे का, म्हणून काकांनी विचारलं. स्टेपनीही त्याच मापाची असावी, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर गिअरांची भांडणं लागतात. घेतले पाच.

आता एकच निर्णय माझ्या हातात उरला होता. टायरच्या एका बगलेवर पांढरी उठावदार अक्षरं होती, दुसऱ्या बगलेवर काळी. पांढरी बाहेर की आत? मी मागचापुढचा विचार न करता "बाहेर!" म्हणून गरजलो. दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. काका म्हणाले, "घासून धुवावी लागतात, नाहीतर पिवळी पडतात." दर रविवारी मी जुना टूथब्रश घेऊन चार चाकांशी उकिडवा बसतो. रुबाब असाच मिळतो.

नव्या टायरवर पहिले चार दिवस गाडी मऊसूत चालली. पाचव्या दिवशी डावीकडून टक-टक-टक आवाज यायला लागला. वेग वाढवला की टकटकही वाढे. मी खिडकी खाली करून ऐकलं, रेडिओ बंद करून ऐकलं, शेवटी मित्राला फोन करून ऐकवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या बाजूनं फक्त गिरणी ऐकू आली. बेअरिंग गेलं, की बॅलन्सिंग चुकलं, की चाकाचा नट सैल? कपाळाला घाम आला. तसाच हळूहळू घरी आलो.

मुलगी टॉर्च घेऊन चाकाशी बसली. पाच मिनिटांनी तिनं स्क्रू-ड्रायव्हरनं खाचेतून एक टपोरा खडा उचकटून काढला. पार्किंगच्या मागच्या जागेतला.

तिनं तो तळहातावर ठेवून उलटसुलट केला, वही काढली आणि खडीच्या रकान्यासमोर लिहिलं, "पुराव्यासह."

खडा आता डॅशबोर्डवर असतो. वळणावर घरंगळतो, म्हणून त्याच्याखाली कागदाची घडी घातली आहे. ऑफिसातलं कुणी गाडीत बसलं आणि त्यानं विचारलं, की मी जरा बाहेर बघतो आणि म्हणतो, "हां, तो? गेल्या पावसातला."