शब्द द्या, कागद देऊ नका

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं भलं करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली आहे. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. पहिलं काम, चांगला क्वार्टरबॅक गाठा, म्हणजे चेंडू फेकून अख्खी चढाई चालवणारा खेळाडू. दुसरं काम, त्याला पैशांचा शब्द द्या. तिसरं काम नाही.

नियम फार सोपे आहेत. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करायची मुभा मिळाली. सह्या विका, जाहिरातीत झळका, इन्स्टाग्रामवर एखाद्या बर्गरची तोंड भरून स्तुती करा. खेळण्याबद्दल मात्र पैसे घ्यायचे नाहीत. मग ही बर्गरची कामं नेमकी पहिल्या फळीतल्या खेळाडूंनाच कशी मिळतात, असले खवचट प्रश्न विचारू नका. विद्यापीठाला थेट पैसे देता येत नव्हते, म्हणून धनाढ्य पाठीराख्यांनी ‘कलेक्टिव्ह’ काढली. गणपती मंडळासारखी वर्गणी जमवायची आणि पोरांना वाटायची. मंडळ निदान पावती तरी फाडतं.

आता शब्द कसा द्यायचा, ते लास वेगासकडून शिका. तिथल्या नेवाडा विद्यापीठाने, म्हणजे यूएनएलव्हीने, २०२४ साली मॅथ्यू स्लूका हा क्वार्टरबॅक होली क्रॉस कॉलेजातून आणला. त्याच्या एजंटचं म्हणणं असं, की एका सहायक प्रशिक्षकाने किमान १ लाख डॉलरचं तोंडी कबूल केलं होतं आणि हातात पडले सामान हलवण्यापुरते ३,००० डॉलर. विद्यापीठाला हे मान्य नाही. पोरगा खेळत राहिला. ह्यूस्टनला हरवलं, यूटा टेकला हरवलं, कॅन्ससला त्यांच्याच राज्यात हरवलं. तीन सामने, तीन विजय, आणि पैशांचं ‘बघू, होऊन जाईल’.

इथे तुम्ही एक बारीक गोष्ट विसराल, म्हणून सांगतो. हंगामात चारपेक्षा जास्त सामने न खेळलेल्या खेळाडूचं ते वर्ष फुकट जात नाही, पात्रतेत, म्हणजे कॉलेजकडून खेळायच्या ठरावीक वर्षांत, शिल्लक राहतं. म्हणजे टोलवाटोलवी करायचीच, तर पाचवा सामना पार पडेपर्यंत करा. यूएनएलव्हीचा हिशेब इथेच चुकला. तीन सामने होताच स्लूकाने जाहीर केलं, की दिलेला शब्द पाळला नाही, आता मी खेळणार नाही.

अशा वेळी घाबरू नका, नियमावली उघडा. त्याच्या एजंटच्या मागण्या म्हणजे खेळण्याचा मोबदला मागणं आहे आणि ते एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संघटनेच्या, नियमांत बसत नाही, राज्याच्या कायद्यातही बसत नाही, असं विद्यापीठाने सांगितलं. काय ही सचोटी! मागितल्याबरोबर कायदा आठवला. एका कसिनोमालकाने स्वतः १ लाख डॉलर द्यायची तयारी दाखवल्याच्या बातम्याही आल्या. त्यात नवल नाही. कसिनोत निदान जिंकलेल्या चिपा खिडकीवर मोजून घेतात.

पुढच्याच सामन्यात नव्या क्वार्टरबॅकने फ्रेस्नो स्टेटला ५९-१४ असं लोळवलं. असा निकाल तुमच्या नशिबी आला तर लगेच म्हणा, तो गेला ते बरंच झालं. मग १ लाखाचं नाव कोणी काढत नाही.

फारच हट्टी आईबाप भेटले आणि कागद द्यावाच लागला, तर फ्लोरिडा विद्यापीठाच्या पाठीराख्यांचा नमुना घ्या. जेडन रशाडा या शाळकरी क्वार्टरबॅकशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार झाला होता. आकडा ठळक. शिवाय कलेक्टिव्हला वाटेल तेव्हा करार मोडता येईल, अशी सोय. डिसेंबर २०२२ मध्ये वाटलं. मोडला.

आणि एक वाक्य आरशासमोर घोटून ठेवा, ‘संघापेक्षा कोणी मोठा नाही.’ एप्रिल २०२५ मध्ये टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक पैशांची बोलणी चालू असताना सरावाला आला नाही, तेव्हा हेच कामी आलं. हल्लीची पोरं पैशांच्या मागे लागलीत, असा सुस्काराही सोडा. मात्र हे वाक्य प्रशिक्षकाला ऐकवायचं नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशरना काढलं, तेव्हा कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं लागले. काम न करण्याचे. ते मात्र कुणी तोंडी ठरवलं नव्हतं.

आता काळ जरा वाईट आलाय. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे कागद करावाच लागेल. करा, पण जॉर्जिया विद्यापीठासारखा करा. तिथला एक खेळाडू ३०,००० डॉलर घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेला. जॉर्जियाने करारातल्या भरपाईच्या कलमावर बोट ठेवून त्याच्याकडे ३,९०,००० मागितले.

हे कलम आपल्या वकिलाकडून शब्द न् शब्द उतरवून घ्या. फक्त ही फाइल प्रशिक्षकाच्या फाइलीपासून जरा लांबच्या कपाटात ठेवा. एखादी आई दोन्ही शेजारी ठेवून वाचायची.